सरकारच नाही म्हणतंय, मग आपण हो कसं म्हणायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख लपवून: वय 59, गृहिणी. मुलगा 33 वर्षांचा, नोकरी करतो. चार वर्षांपूर्वी त्याने आपण गे असल्याचं घरी सांगितलं. वर्षभर घरात फार जड गेलं, मग हळूहळू बोलणं सुरू झालं. तो सहा वर्षांपासून 'एका मित्रासोबत' राहतोय. आता दोघांनी ठरवलंय की कायद्याने नोंदणी होणार नसली तरी जवळच्या तीस-चाळीस माणसांसमोर लग्न करायचं. वाचकांचे पती सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, 31 वर्षं नोकरी झाली. ते मुलाशी भांडत नाहीत, पण लग्नाला यायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, "सरकार उगाच नाही म्हणत नाही, एवढी मोठी माणसं बसलेली असतात, कोर्टानेही दिलं नाही, जगात बहुतेक ठिकाणी नाहीये, म्हणजे काहीतरी कारण असणारच. कायदा येऊ दे, मी स्वतः पुढे उभा राहीन." वाचक विचारतात, सरकारं याला का नाही म्हणतात? कारण खरंच मोठं असेल तर मुलाला थांबायला सांगू का? आणि हे आले नाहीत तर मी एकटी जाऊ का?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी वेगळं लिहून घेतलं, "सरकारला जे माहीत असेल ते आपल्याला घरबसल्या कुठं कळणार". मला वाटतं सगळा गुंता त्या वाक्यात आहे. तुम्ही दोघांनीही धरून चाललाय की कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी या विषयाचा खोलवर अभ्यास केला, त्यात काहीतरी वाईट सापडलं आणि म्हणून सरकारने नाही म्हटलं. तुमच्या पिढीला सरकारबद्दल असा भरवसा असतो आणि मिस्टरांनी तर उभी नोकरी तिथंच काढली, त्यामुळे मी त्याला भाबडेपणा म्हणणार नाही. पण सरकारं नाही का म्हणतात हे गुपित नाहीये हो. कोर्टात केस उभी राहिली की सरकारला आपली कारणं लिहून द्यावी लागतात आणि ती आपल्यासारख्यांना वाचता येतात. ती एकदा नीट बघूया, मग तुम्हीच ठरवा.

आपल्याकडचंच घ्या. समलिंगी लग्नांना कायद्याने मान्यता मागणाऱ्या याचिका सुप्रीम कोर्टात होत्या, त्यावर 2023च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने लिहून दिलं की भारतीय कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं, दोन पुरुष किंवा दोन बायकांच्या एकत्र राहण्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. एप्रिलमध्ये अजून एक अर्ज केला, त्यात ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचं मत आहे असं म्हटलं. मग सुनावणीत सांगितलं की वेगवेगळ्या कायद्यांतल्या 160 तरतुदींना हात लावावा लागेल, आणि हे काम कोर्टाचं नाही, संसदेचं. आता ही कारणं परत एकदा वाचा ताई. कुटुंबाची व्याख्या काय, मागणारे लोक कोण, कायदे किती बदलावे लागतील, अधिकार कुणाचा. यात तुमचा मुलगा आणि त्याचा जोडीदार एकमेकांशी कसे वागतात, सहा वर्षं एकमेकांच्या आजारपणात कसे उभे राहिले, हे कुठंच येत नाही, कारण ते कुणी तपासलंच नाहीये.

आणि कोर्टाने काय म्हटलं तेही मिस्टरांना पूर्ण सांगा, कारण लोकांना फक्त "कोर्टाने नाकारलं" एवढंच लक्षात राहिलंय. 17 ऑक्टोबर 2023 ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. घटनेत लग्नाचा मूलभूत हक्क नाही आणि लग्नाचा कायदा बदलणं संसदेचं काम आहे यावर पाचही जण सहमत होते. पण अशा जोडप्यांच्या नात्याला सरकारने काहीतरी मान्यता द्यावी का यावर 3 विरुद्ध 2 अशी फूट पडली, आणि मान्यता द्यावी म्हणणाऱ्या दोघांत स्वतः सरन्यायाधीश चंद्रचूड होते. हे शहरी किंवा श्रीमंतांचं खूळ नाहीये हेही त्यांनी निकालात स्पष्ट लिहिलं. एकत्र राहण्याचा, कुणी त्रास न देता जगण्याचा हक्क तर कुणीच नाकारला नाही. म्हणजे "हे नातं चुकीचं आहे" असा निकाल लागलेलाच नाही. "हे आमच्या टेबलवरचं काम नाही" असा लागलाय.

टेबल म्हटल्यावर मला तुमच्या मिस्टरांचीच आठवण झाली. त्यांना एकदा शांतपणे विचारा की 31 वर्षांत किती फायली अशा पाहिल्या ज्या चुकीच्या होत्या म्हणून परत गेल्या, आणि किती अशा, की ज्यावर कुणाला सही करायची नव्हती म्हणून "चर्चा करावी", "अभिप्रायासाठी सादर" असे शेरे पडत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहिल्या. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. कोर्ट म्हणालं संसद बघेल, सरकार म्हणालं कॅबिनेट सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमतो, 2024 मध्ये ती नेमली, 2025च्या जानेवारीत फेरविचाराच्या याचिका फेटाळल्या गेल्या. लग्नाच्या बाबतीत फाईल अजून फिरतेच आहे. ज्या माणसाने हे आतून पाहिलंय त्याला हे समजायला अवघड जाणार नाही.

मग सही का करायची नसते? इथं माझं मत स्पष्ट सांगते, सगळ्यात मोठं कारण मतांचा हिशोब आहे. ज्यांना या कायद्याने फायदा होणार ते लोक थोडे, विखुरलेले, बरेचसे अजून घरीही न सांगितलेले. ज्यांना राग येणार ते संघटित असतात, त्यांच्या संस्था असतात, ते पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात. सत्तेत कुठलाही पक्ष असो, नुकसान आज होणार आणि कौतुक वीस वर्षांनी होणार असा निर्णय घ्यायला कुणी पुढे येत नाही. जर्मनीचं उदाहरण मला नेहमी बोलकं वाटतं. तिथं वर्षानुवर्षं हा विषय लांबणीवर टाकला जात होता कारण सत्तेतल्या पक्षाला नको होता. 2017च्या जूनमध्ये चान्सलर मर्केल एका कार्यक्रमात म्हणाल्या की खासदारांनी आपापल्या मनाप्रमाणे मत द्यायला हरकत नाही, आणि त्याच आठवड्यात, 30 जूनला, 393 विरुद्ध 226 मतांनी कायदा पास झाला. खुद्द मर्केलबाईंनी विरोधात मत दिलं. त्या चार-पाच दिवसांत काय बदललं? लग्नाबद्दल काही नवीन शोध लागला का? फक्त वरून दाबून धरलेला हात निघाला.

ऑस्ट्रेलियातही तसंच. 2004 मध्ये सरकारने मुद्दाम कायद्यात घातलं की लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. 2017 मध्ये पोस्टाने लोकांना विचारलं तेव्हा 61.6 टक्के लोक हो म्हणाले आणि डिसेंबरमध्ये त्याच संसदेने कायदा बदलला. तेरा वर्षांत सरकार नाही वरून हो वर आलं, आणि ज्या जोडप्यांना 2004 मध्ये नाही म्हटलं होतं त्यातली कितीतरी तीच जोडपी होती.

आता दुसऱ्या कारणांकडे येते, कारण सगळंच मतांवर ढकलणंही बरोबर नाही.

मुलांचा मुद्दा आहे. लग्न हे मूल व्हावं म्हणून आहे, म्हणून राज्य त्याला संरक्षण देतं, असं अनेक सरकारं मांडतात. जपानमध्ये 2022 साली ओसाकाच्या एका जिल्हा कोर्टाने असंच काहीसं म्हणून सरकारची बाजू उचलली होती. ऐकायला हे पटतं. पण मग सत्तरीत लग्न करणारी माणसं आहेत, मूल होणार नाही हे माहीत असून लग्न करणारी आहेत, नको म्हणून न होऊ देणारी आहेत, त्यांना कुठल्या सरकारने रजिस्टर ऑफिसात डॉक्टरचा दाखला मागितलाय? नंतर 2024 आणि 2025 मध्ये जपानमधल्याच पाच हायकोर्टांनी ही बंदी घटनेला धरून नाही असं म्हटलं, मग 2025च्या शेवटाला टोकियोच्या हायकोर्टाच्या दुसऱ्या एका निकालात ती घटनेला धरून आहे असं आलं. तिथं कायदा अजून तसाच आहे. म्हणजे बघा, शिकलेली, मोठ्या पदावरची माणसंसुद्धा एकाच प्रश्नावर अशी दोन्हीकडे आहेत, तर "मोठी माणसं बसलेली असतात" हे उत्तर इथं पुरत नाही.

धर्माचं कारण तुम्हाला माहीतच आहे, त्यावर फार लिहीत नाही. एवढंच सांगते की सरकारने मान्य केलं तर आमच्या धर्मस्थळात जबरदस्तीने लग्नं लावावी लागतील ही जी भीती असते ती दूर करता येते. इंग्लंडने 2013च्या कायद्यातच लिहून टाकलं की कुठल्याही धर्मसंस्थेवर सक्ती नाही, आणि चर्च ऑफ इंग्लंडला तर त्यातून बाहेरच ठेवलं. म्हणजे ज्याला नको त्याला नको राहता येतं.

कायद्यांच्या गुंत्याचं कारण मात्र मी हलकं समजत नाही. आपल्याकडे वारसा, पोटगी, घटस्फोट, दत्तक, पेन्शन, सगळीकडे पती आणि पत्नी हे शब्द पेरलेले आहेत, आपल्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये मुलाचं वय 21 आणि मुलीचं 18 असं वेगवेगळं लिहिलंय, मग दोन मुलं असतील तर काय, दोन मुली असतील तर काय, हे प्रश्न खरे आहेत आणि कुणीतरी बसून ते सोडवावे लागतात. पण सोडवता येतात. नेदरलँड्सने आपल्या कायद्यात एवढंच लिहिलं की लग्न दोन वेगळ्या किंवा एकाच लिंगाच्या दोन व्यक्ती करू शकतात, आणि 1 एप्रिल 2001 ला मध्यरात्री अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौरांनी जगातली पहिली चार लग्नं लावली. तैवानने दुसरा रस्ता घेतला, तिथं 2018च्या सार्वमतात लोक विरोधात गेले होते पण घटनात्मक कोर्टाने दोन वर्षांची मुदत घालून दिलेली होती, म्हणून सरकारने जुन्या कायद्याला हात न लावता 2019 मध्ये वेगळा स्वतंत्र कायदा करून टाकला. काम कष्टाचं आहे हे कबूल, पण ते न करण्याचं कारण म्हणून पुढे केलं जातं तेव्हा मला ते पटत नाही.

आणि एक कारण आहे ओळखीचं, म्हणजे "हे आपलं नाही, हे बाहेरून आलंय". रशियाने 2020 मध्ये घटनेतच लिहून घेतलं की लग्न म्हणजे पुरुष आणि स्त्री. सिंगापूरने 2022 मध्ये पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं जुनं कलम काढलं, चांगली गोष्ट केली, पण त्याच दिवशी लग्नाची व्याख्या कोर्टाच्या हाताबाहेर राहावी म्हणून घटनादुरुस्तीही केली. एक दार उघडलं आणि दुसऱ्याला आतून कडी लावली. बाहेरून आलंय म्हणताना एक गोष्ट विसरली जाते, की आपल्याकडचं 377 कलमच इंग्रजांनी 1860 च्या दंड संहितेत घातलं होतं, ते 6 सप्टेंबर 2018 ला आपल्या सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. बाहेरून आली होती ती शिक्षा.

राहता राहिलं मिस्टरांचं ते "बहुतेक देशांत नाहीये". आकडा म्हणून बरोबर आहे, 38च्या आसपास देशांत आहे, बाकीच्यांत नाही. पण 2000 साली तो आकडा शून्य होता. दक्षिण आफ्रिकेत 2006 ला आलं, थायलंडमध्ये 23 जानेवारी 2025 पासून लागू झालं, आयर्लंडमध्ये 1993 पर्यंत पुरुषांमधले संबंध गुन्हा होते आणि 2015 मध्ये तिथल्या लोकांनी स्वतः मतदान करून 62 टक्क्यांनी लग्नाला हो म्हटलं. सगळं एकाच दिशेने चाललंय असं मात्र मी सांगणार नाही, हाँगकाँगमध्ये सगळ्यात वरच्या कोर्टाने सरकारला दोन वर्षांत काहीतरी व्यवस्था करा म्हणून सांगितलं होतं, सरकारने फार मर्यादित हक्कांचं बिल आणलं आणि 2025 मध्ये तेही विधिमंडळाने पाडलं. म्हणूनच "कायदा येऊ दे, मग बघू" या वाक्याला तारीख नाहीये. तो कधी येईल हे मी सांगू शकत नाही, मिस्टरही सांगू शकत नाहीत. तुमच्या मुलाला तुम्ही थांब म्हणाल ते कधीपर्यंत थांब, हे तुम्हाला सांगता येणार आहे का?

आणि समजा आला. मग मिस्टर खरंच पुढे उभे राहतील? मी त्यांच्या शब्दावर शंका घेत नाहीये, पण मला आपल्याच इतिहासातलं एक आठवतं. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 मध्ये झाला. धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं ते 1893 मध्ये, म्हणजे कायदा होऊन 37 वर्षं झाली होती, कायद्याने काहीही चुकीचं नव्हतं, तरी मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कायदा कागदावर होता आणि घराची दारं बंद होती. ज्या घरात मन तयार नसतं तिथं कायदा आल्यावर दुसरं कारण सापडतं, लोक काय म्हणतील, नातेवाईक काय म्हणतील, धाकट्यांच्या लग्नाचं काय. म्हणून मिस्टरांशी बोलताना कायद्यावर वाद घालत बसू नका. त्यांना विचारा, उद्या सकाळी कायदा आला तर परवा तुम्ही कुणाकुणाला फोन करून सांगाल? त्या यादीवर ते कुठल्या नावापाशी अडतात तिथं त्यांची खरी भीती आहे, आणि ती भीती असणं काही गुन्हा नाही. सहानुभूतीने ऐका. बऱ्याच वडिलांना सरकारचं नाव घेणं सोपं जातं कारण "मला लाज वाटते" किंवा "मला त्याची काळजी वाटते" हे बोलायला जमत नाही.

आता जे मला तुम्हाला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते सांगते. सरकार जेव्हा जोडीदाराला मान्यता देत नाही तेव्हा त्याची जागा रिकामी राहत नाही. ती तुमच्याकडे येते. तुमच्या मुलाला उद्या काही झालं, देव न करो, तर हॉस्पिटल सहीसाठी तुम्हाला आणि मिस्टरांना शोधेल, सहा वर्षं सोबत राहणाऱ्या माणसाला नाही. हिंदू वारसा कायद्यात लग्न न झालेल्या, मूल नसलेल्या मुलाने मृत्युपत्र केलं नसेल तर त्याचं सगळं आईकडे जातं. वडिलांकडेही नाही, आधी तुमच्याकडे. म्हणजे ज्या घरात ते दोघं राहतात, ज्याचे हप्ते दोघांनी मिळून भरले असतील, ते मुलाच्या नावावर असेल तर एका दिवसात तुमचं होऊ शकतं आणि तो दुसरा मुलगा सामान घेऊन रस्त्यावर. तुम्ही असं वागणार नाही हे मला तुमच्या पत्रावरून दिसतं, पण नातेवाईक असतात, दबाव असतो, आणि माणूस दुःखात असताना त्याच्याकडून सह्या घेणारे लोकही असतात. अमेरिकेतल्या एडिथ विंडसर आणि थिया स्पायर या दोघी 40 वर्षांहून जास्त एकत्र होत्या, 2007 मध्ये कॅनडात लग्नही केलं होतं, 2009 मध्ये थिया गेल्या तर केंद्र सरकारने ते लग्न मानलं नाही आणि एडिथबाईंकडून वारसा कर म्हणून 3,63,053 डॉलर घेतले. त्या कोर्टात गेल्या आणि 2013 मध्ये जिंकल्या, तेव्हा त्यांचं वय 84 होतं. सगळ्यांना एवढं लढता येत नाही.

म्हणून कायद्याची वाट बघायची ती बघा, पण कागद आत्ता करायला लावा. हे माझं फक्त तुम्हाला नाही, अशा प्रत्येक घराला सांगणं आहे. दोघांनीही मृत्युपत्र करावं, शक्यतो रजिस्टर करून, आणि वकिलाकडून, कारण नेटवरून उतरवलेल्या मजकुरात चुका राहतात. बँकेत, पीएफमध्ये, इन्शुरन्समध्ये नॉमिनी कोण आहे ते बघावं, जुन्या नोकरीत लागताना भरलेल्या फॉर्मवर अजून आजीचं नाव असतं असं मी पाहिलंय. पीएफ आणि इन्शुरन्समध्ये कुणाला नॉमिनी करता येतं याचे नियम वेगळे आहेत, ते विचारून घ्यावे. आणि हे नक्की समजून घ्या की नॉमिनी म्हणजे मालक असं नेहमी नसतं, नॉमिनीच्या हातात पैसे येतात पण हक्क वारसाचा राहू शकतो, म्हणून मृत्युपत्र हवंच. 2024च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की अशा जोडप्यांना जॉइंट बँक अकाउंट उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही, तेव्हा बँकेत कुणी अडवलं तर हे सांगायचं. घर दोघांच्या नावावर असेल तर उत्तम, नसेल तर कुणी किती भरलं याची नोंद ठेवावी. आजारपणात निर्णय कुणी घ्यायचा याबद्दलही वकिलाला विचारून लिहून ठेवता येतं.

यात तुमचं स्वतःचं काम वेगळं आहे. तुम्ही वारस आहात, तर तुम्हीच एक साधं पत्र लिहून ठेवा, की माझ्या मुलाच्या आजारपणात त्याच्या जोडीदाराला भेटू द्यावं, त्याला विचारून निर्णय घ्यावा, अशी माझी आई म्हणून इच्छा आहे. त्याला कायद्याची ताकद कदाचित कमी असेल, पण मध्यरात्री आयसीयूच्या दारात एखाद्या नर्सला किंवा रागावलेल्या काकांना दाखवायला आईच्या सहीचा कागद फार उपयोगी पडतो. आणि मिस्टर समारंभाला यायला तयार नसतील तरी या कागदांच्या कामात त्यांना ओढा. मी हे मुद्दाम म्हणतेय. कुठला फॉर्म कुठं लागतो, साक्षीदार कसे लागतात, कुठल्या शब्दाने अर्ज अडतो, यात त्यांच्याइतकं घरात कुणाला कळतं? मुलाच्या लग्नात हार घालायला त्यांचे हात उचलणार नाहीत कदाचित, पण मुलाचं मृत्युपत्र तपासायला बसतील. तिथून सुरुवात होऊ दे. ते टेबलवर त्या दोघांसोबत दोन-तीन संध्याकाळी बसले की बरंच काही न बोलता होईल, आणि नाही झालं तरी कागद तर होतील.

मुलाला थांब सांगू का, याचं उत्तर माझ्या मते नाही. त्याला कायद्यात नोंद होणार नाही हे माहीत आहे, तो फसवला जात नाहीये, तो तीस-चाळीस लोकांसमोर उभं राहून म्हणू बघतोय की हा माझा माणूस आहे. त्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही. फक्त एक विचारा, लग्नाचे फोटो कुठं टाकणार, ऑफिसमध्ये माहीत आहे का, त्या दुसऱ्या घरच्यांचं काय, कारण नोंदणी नसलेल्या नात्यात बाहेरून त्रास झाला तर आधार कमी असतो आणि याचा विचार आधी केलेला बरा. हे विचारताना आवाजात काळजी असू दे, चौकशी नको.

आणि एकटी जाऊ का? जा. मिस्टरांना आधी सांगून जा, लपवून नको, "मी जातेय, तुम्ही आलात तर मला आवडेल, नाही आलात तरी मी रागावणार नाही" असं एकदाच म्हणा आणि मग रोज तो विषय काढू नका. घरात यावरून तुमच्या जिवाला त्रास होईल अशी परिस्थिती असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रात तसं दिसत नाही, ते भांडत नाहीत, मुलाशी बोलतात, म्हणजे दार किलकिलं आहे. तुम्ही दोघांनी मिळूनच जायला हवं असं तुम्ही धरून बसलात तर नवऱ्याचा नकार तुमचाही नकार होतो आणि मुलाला तो तसाच दिसणार. काही घरांत मी पाहिलंय, आई गेली, वडील त्या दिवशी घरी बसून राहिले, आणि संध्याकाळी "जेवण वेळेवर झालं का सगळ्यांचं" असा फोन आला. तुमच्याकडे असंच होईल असं मी सांगू शकत नाही.

एक शेवटचं, रागावू नका. तुमच्या दोन पानी पत्रात मुलाच्या जोडीदाराचा उल्लेख नऊ वेळा आहे आणि प्रत्येक वेळी "त्याचा मित्र" किंवा "तो दुसरा मुलगा" असा आहे. मीसुद्धा वर एकदा तसंच लिहून गेले. नाव आम्ही छापलं नसतंच, पण तुम्ही ते लिहिलंच नव्हतंत. या रविवारी त्या दोघांना जेवायला बोलवा, फोन मुलाला न करता त्यालाच करा, नाव घेऊन. आणि तो आला की त्याला विचारा, लग्नात तुझ्याकडून कोण कोण येणार आहे, तुझी आई येणार आहे का, नसेल तर मी तुझ्याही बाजूला उभी राहिले तर चालेल का.